तत्सम

आज दुसरी फॉर्मल रात्र.
सकाळीच दारोदार कागद सरकवून आलोय :
पुरुषांनी काळा कोट, बो टाय,
स्त्रियांनी लांब गाऊन किंवा तत्सम.
तत्सम म्हणजे काय, हे माझ्या बावीस केबिन मला विचारतात
आणि मी बावीस वेळा हसतो.

बर्गन मागं पडून आठ तास झाले.
बाहेर समुद्र राखेनं घासून ठेवलेल्या पत्र्यासारखा,
आत पाचव्या डेकपासून नवव्यापर्यंत गरम इस्त्रीचा वास.
इस्त्रीच्या खोलीत रांग लागलीय.
एक निवृत्त न्यायाधीश, एक खाटीक,
दोघंही बनियनवर, दोघंही गोरेमोरे,
आणि टेबल एकच.

सहानंतर बेल थांबत नाही.
६१०८चं कफलिंक पलंगाखाली गेलंय.
६११७चे ब्रेथवेट, हलचे, जन्मभर बस चालवलेली,
भाड्याच्या टक्सिडोत उभे. पँट घोट्यांच्या चार बोटं वर.
"डोरीन म्हणते, मी येत नाही तुझ्याबरोबर."
काळ्या मोज्यांचा जोड आणून दिला.
माझाच.
तेवढ्यानं झाकली लाज.
६१२१ची मुलगी लांब काळ्या ड्रेसखाली
पांढरे कॅनव्हासचे बूट घालून निघाली,
माझ्याकडं बघून तोंडावर बोट ठेवलं.
मी तर गालिचा बघत होतो.

मग ६११४.
मिसेस थ्रेलकेल्ड, व्हाइटहेवनच्या, वय ब्याऐंशी.
पहिल्या फॉर्मल रात्री त्या काही बोलल्याच नाहीत,
नुसत्या पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.
मी झिप वर ओढली, मानेपाशी हूक अडकवला,
डोळे छताला लावून, ट्रेनिंगमध्ये शिकवतात तसे.
हे काम फार वर्षं दुसऱ्या कुणाचं होतं
हे त्यांच्या उभं राहण्यावरून कळत होतं :
केस एका हातानं वर धरलेले,
श्वास जरा आत.

आज बाटलीच्या काचेसारखा हिरवा ड्रेस.
झिप अर्ध्यावर आली आणि बसली.
साबण लावला. पेन्सिलीचं शिसं घासलं.
"पुडिंग," त्या म्हणाल्या, "रोज दोनदा."
पुन्हा ओढली, तर खालून दात सुटत गेले
कमरेपर्यंत.

सेफ्टी पिना तीन. पाठ केवढी!
शाल घ्या म्हटलं, तर शाल घरी.
जेवण खोलीत आणू म्हटलं,
तर आरशातून अशी नजर, की मी ट्रेच विसरलो.

मग काय सुचलं कुणास ठाऊक, बोलून गेलो :
आमच्या इलोइलोत समारंभाचा सदरा असतो
अननसाच्या धाग्याचा.
आरपार दिसतं. आतलं बनियन, घामाचा ठिपका, सगळं.
भोकंबिकं नाही लपत, पण तोच घालायचा.
बहिणीच्या लग्नात सगळ्यांनी घातला.
मी फोनवर पाहिला.

"आणि कोणी काही म्हणत नाही?"
कोण म्हणणार, सगळेच तसे.

त्यांनी लिपस्टिक पुन्हा एकदा फिरवली.
निघाल्या.
लांबलचक कॉरिडॉर, बोट थोडं कलंडलेलं,
एक हात कठड्यावर,
मागं हिरवं कापड दोन्हीकडं उघडं पडलेलं,
मध्ये ती पांढरी पाठ,
उजव्या खांद्याखाली तीळ,
ब्राच्या पट्टीला एक शिवलेली जागा.
लिफ्टपाशी ब्रेथवेट भेटले. घोट्यांकडं बघत होते स्वतःच्या.
त्यांनी वर बघितलं,
काहीतरी म्हणाले,
आणि दोघंही इतके हसले
की लिफ्ट निघून गेली.

अकराला उशीवर चॉकलेट ठेवायला गेलो.
खुर्चीवर ड्रेस, घडी करून.
वर माझाच सकाळचा कागद,
'तत्सम'खाली पेननं दोन रेघा.

आता रात्रीचा एक.
पाण्याखालच्या माझ्या बंकवर जुनी झिप उसवतोय.
वरचा रमिल घोरतोय, दोरा हिरवा मिळाला नाही,
काळाच घेतलाय.
तिसरी फॉर्मल रात्र गुरुवारी.